लकव्यानंतर दुसरं मत घ्यायचं असेल तर आधी प्रश्न लिहा

बाबांना लकवा मारल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे अकरा पत्ते जमा झाले होते. चार न्यूरोचे डॉक्टर, मुंबईचं एक मोठं हॉस्पिटल, दोन मालिशवाले, छिंदवाड्याकडचा एक जडीबुटीवाला, एक देवस्थान, कबुतराच्या रक्तानं मालिश करून देणारा एक माणूस आणि शेजारच्या काकूंच्या जावयाचा मित्र, जो नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. पत्ता देणाऱ्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण एकानंही विचारलं नाही की मेंदूत रक्ताची गाठ अडकली की रक्तस्राव झाला. विचारलं असतं तरी मला धड सांगता आलं नसतं.

मी डॉक्टर नाही. नागपुरात मानेवाड्याला राहते आणि वडिलांना सांभाळते. गेल्या आठ महिन्यांत कुठे चुकलो आणि काय उपयोगी पडलं, ते क्रमानं लिहिते आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिल्या काही तासांत दुसरं मत शोधू नका

चेहरा एकाएकी वाकडा झाला, एक हात वर धरला की खाली पडतो, जीभ जड झाली, तोल गेला, एका बाजूचं दिसेनासं झालं, तर ती वेळ फक्त गाडीत बसवण्याची. लकव्याच्या, म्हणजे स्ट्रोकच्या, शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गाठीनं बंद झालेली असते. ती गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गाठ बाहेर काढतात. ते ६ तासांपर्यंत, आणि तपासणीत मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. उरलेल्यांमध्ये रक्तस्राव असतो आणि तिथे हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन. म्हणूनच घरच्या घरी अ‍ॅस्पिरिनही द्यायची नाही, पाणीही पाजायचं नाही आणि बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळीही ठेवायची नाही.

फोनवर हॉस्पिटलला दोनच गोष्टी विचारा: सीटी चोवीस तास चालू असतो का, आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का. १०८ ला फोन केला तरी 'लकव्यासारखं वाटतंय' हे आधी सांगा. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून लोक थेट नागपूरच्या वाटेला लागतात. पण मधल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी आणि इंजेक्शनची सोय असेल तर तिथे थांबणं शहाणपणाचं. नागपूर नंतरही येईल.

एक गोष्ट घरच्यांनाच सांगता येते: माणूस शेवटचा ठीकठाक कधी दिसला होता. बाबा सकाळी सहाला उठले तेव्हा चहाचा कप हातातून निसटून बनियनवर सांडला. मी कॅज्युअल्टीत सांगितलं, "रात्री साडेदहाला झोपले तेव्हा चांगले होते." म्हणजे साडेआठ तास होऊन गेलेले. आई मागून म्हणाली, "अगं, पहाटे चारला पाणी प्यायला उठले होते न! माझ्याशी बोलले, कूलर कमी करू का म्हणून." त्या एका वाक्यानं हिशेब चारपासून सुरू झाला आणि आठच्या आत इंजेक्शन गेलं. घड्याळाकडे पाहून नोंद करा, अंदाजानं बोलू नका.

भरती असताना फिल्म हलवा, रुग्ण नको

आयसीयूतल्या माणसाला 'तिकडे चांगलं आहे' म्हणून उचलून नेणं बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं. ज्या उपचाराची सोय इथे नाहीच, त्यासाठी नेणं वेगळं. तिथे मात्र नुसता पत्ता पुरत नाही. पुढच्या हॉस्पिटलशी डॉक्टरांनी बोलून जागा पक्की केलेली असावी लागते.

काही निर्णय असे असतात की तासाभरात फोनवर दुसरं मत मिळालं तर घ्यावं. मेंदूला सूज येऊन कवटीचा भाग काढायची शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर तिचा फायदा मुख्यतः साठीच्या आतल्या रुग्णांत आणि ४८ तासांच्या आत केल्यास दिसून आलेला आहे. इथे 'दोन दिवस विचार करतो' म्हणणं म्हणजे नाही म्हणणंच. ओळखीचा न्यूरोसर्जन असेल तर सीटीचे फोटो पाठवा आणि एवढंच विचारा: तुमचा रुग्ण असता तर केलं असतं का, आणि वाचल्यावर माणूस कसा राहील? दुसऱ्या भागाचं उत्तर ऐकायची तयारी ठेवा. जीव वाचतो, पण बरेचदा मोठं परावलंबित्व घेऊन.

बाकी भरती असताना घरच्यांनी दोन गोष्टींवर नजर ठेवायची. तोंडानं काही देण्याआधी गिळण्याची तपासणी झाली का? आणि दर दोन तासांनी कूस बदलली जाते का? लवकर उठवून बसवणं चांगलं, पण पहिल्या २४ तासांतच जोरात चालवायची घाई नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा अतिघाईनं निकाल उलट बिघडलेला दिसला. 'अजी, पेशंट झोपून काहून आहे अजून?' असं भेटायला येणारे विचारतात, त्यांना हे सांगा.

कागद गोळा करण्याची कला

सुटी मिळते त्या दिवशी सगळे बिलाच्या खिडकीशी असतात आणि कागद राहून जातात. डिस्चार्ज समरीवर निदान, दिलेलं इंजेक्शन, स्ट्रोकचं कारण आणि पुढच्या गोळ्या लिहिलेल्या आहेत का, ते तिथेच वाचा. 'कारण' या जागी काहीच नसेल तर विचारा. सीटी-एमआरआयची छापील फिल्म पुरत नाही, सीडी मागा. डॉक्टरला स्क्रीनवर एकेक पान सरकवून पाहायचं असतं. मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओ किंवा डॉपलर, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची दिवसभराची नोंद), तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन हेही बरोबर हवं. सीडी मिळाली की घरी लावून पाहा. आमची पहिली सीडी कोरी होती. परत गेलो तर खिडकीवरच्या मुलानं शांतपणे दुसरी करून दिली, पण माझा एक दिवस गेला.

कागद द्यायला टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्कच आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तसं लिहिलेलं आहे. पण सनद दाखवण्याची वेळ क्वचितच येते. "सर, घरच्यांच्या समाधानासाठी एकदा दुसऱ्यांनाही दाखवून घेतो, फॉलोअपला तुमच्याकडेच येणार आहोत," एवढं म्हटलं की पुरतं. चांगला डॉक्टर रागावत नाही. आमचे तर म्हणाले, "दाखवा न, आणि ते काय म्हणतात ते मलाही सांगा."

कागदांच्या वर एक पान स्वतः लिहा: वय, जुने आजार, झटका आला ती वेळ, पहिल्या दिवशी काय येत नव्हतं आणि आज काय येतं, चालू गोळ्या वेळेसकट, तंबाखू-दारू. आपल्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) लिहायला लोक लाजतात. बाबा दिवसाला चार पुड्या खायचे आणि आईनं डॉक्टरांना सांगितलं 'कधीमधी'. लिहा. तंबाखू रक्तवाहिन्यांचं नुकसान करते हे तर आहेच, वर वर्षानुवर्षांच्या सुपारीनं तोंड कमी उघडत असेल तर जेवणाच्या आणि बोलण्याच्या व्यायामातही तेच आडवं येतं. चालतानाचा आणि हात उचलतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही मोबाइलमध्ये ठेवा.

त्या पानाच्या तळाशी प्रश्न

'दाखवून आणू' असं म्हणून गेलात तर डॉक्टर गोळ्यांची नावं बदलून देतील आणि तुम्ही समाधानानं परत याल. त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. आम्ही पहिल्यांदा अगदी हेच केलं. दुसऱ्यांदा मी पानाच्या तळाशी लिहिलं: 'स्टेंट टाकायला सांगितला आहे. हा स्ट्रोक त्या अडथळ्यामुळेच झाला का?'

झालं होतं असं. मानेच्या डॉपलरमध्ये एका शिरेत ७० टक्के अडथळा दिसला आणि आठवड्याभरात स्टेंट टाकून घ्या असा सल्ला मिळाला. सल्ल्याला आधार आहे. ज्या बाजूच्या शिरेमुळे झटका आला तिथे ७० टक्क्यांहून जास्त अडथळा असेल तर शस्त्रक्रियेचा फायदा होतो, आणि तो पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. पण बाबांची उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती, म्हणजे झटका मेंदूच्या डाव्या बाजूला. अडथळा होता उजव्या शिरेत. दुसऱ्या डॉक्टरांनी सीडी सरकवत सरकवत थांबून पेनानं दाखवलं, "ही शीर या बाजूला रक्त नेते. तुमच्या वडिलांचं दुखणं त्या बाजूचं आहे. या अडथळ्याचं पुढे पाहू, घाई नाही. आधी हृदयाचे ठोके तपासा." २४ तासांच्या होल्टरमध्ये काही सापडलं नव्हतं. सात दिवसांच्या मॉनिटरमध्ये ठोके मधूनच अनियमित होतात हे सापडलं. असे ठोके असतील तर हृदयात गाठी तयार होऊन मेंदूकडे जाऊ शकतात आणि त्यासाठी रक्त पातळ करणारं वेगळ्या प्रकारचं औषध लागतं. नुसती अ‍ॅस्पिरिन पुरत नाही.

प्रत्येकाच्या बाबतीत असं निघेल असं नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकाजींनी तीन ठिकाणी दाखवलं आणि तिन्हीकडे तेच सांगितलं गेलं. तेही कामाचंच. प्रश्न मात्र खालच्यासारखे असावेत. स्ट्रोकचं कारण सापडलं का, नसेल तर काय तपासायचं राहिलं? वय पन्नाशीच्या आत असेल तर वेगळ्या तपासण्या लागतात का? रक्तस्राव झाला असेल तर रक्त पातळ करणारी जुनी गोळी पुन्हा सुरू करायची की नाही, आणि कधी? दोन प्रकारच्या अँटीप्लेटलेट (रक्ताची गाठ होऊ न देणाऱ्या, अ‍ॅस्पिरिनसारख्या) गोळ्या किती दिवस? (सौम्य स्ट्रोकनंतर त्या सहसा २१ दिवस एकत्र देतात आणि मग एक बंद करतात. कित्येक घरांत दोन्ही वर्षभर चालू असतात, कारण बंद करा असं कुणी लिहूनच दिलेलं नसतं.)

कुणाकडे जायचं

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेत पाचशे पावलांत तीन न्यूरोफिजिशियन भेटतील. सरकारी बाजूला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि त्याचं सुपरस्पेशालिटी, मेयो (दुसरं शासकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स. तासाभराच्या पलीकडे वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगीची हॉस्पिटलं. सरकारी ठिकाणी सकाळ जाते, हे गृहीत धरून डबा आणि पाणी घेऊन जा. पण रुग्ण रोज पाहणारा डॉक्टर तिथेच बसलेला असतो.

खरी चूक होते ती प्रकार निवडण्यात. कारण आणि गोळ्यांसाठी न्यूरोफिजिशियन. शीर उघडणं, कवटी, रक्तस्राव यांसाठी न्यूरोसर्जन किंवा रक्तवाहिन्यांत तार घालून काम करणारा तज्ज्ञ. आणि महिन्या-दीड महिन्यानंतर 'हात का येत नाही' हा प्रश्न असेल तर पुन्हा तिसऱ्या न्यूरोकडे जाऊन काही मिळत नाही. तिथे पुनर्वसनाचा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा शिकवणारा) आणि वाचा गेली असेल तर स्पीच थेरपिस्ट लागतात. मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते, हे नागपुरातल्याच कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.

दोन मतं जुळली नाहीत

दोघांनाही एकच विचारा: हे कशावरून म्हणता, आणि हे तीन महिने केलं नाही तर काय होईल? उत्तर रिपोर्टातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवून आलं तर त्याचं वजन जास्त. उत्तरानं निर्णय बदलणार असेल तरच तिसरीकडे जा.

गोळ्यांची सरमिसळ मात्र कुठल्याही मतभेदापेक्षा धोक्याची, आणि ती घरीच होते. रक्त पातळ करणारं नवं औषध सुरू झालं तेव्हा जुन्या गोळ्यांचे दीड पत्ते शिल्लक होते. महागाच्या गोळ्या, आईला फेकवेनात. तिनं दोन्ही डब्या चालू ठेवल्या. चौथ्या दिवशी ब्रश करताना बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी पत्ते उलटून पाहिले. जुन्या कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (ही दोन्ही गाठ होऊ न देणारी) आणि एटोर्व्हास्टेटिन (कोलेस्टेरॉलचं) असं तिन्ही एकत्र होतं, आणि नव्या चिठ्ठीत एटोर्व्हास्टेटिन वेगळ्या नावानं होतंच. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जुनी कॅप्सूल त्याच क्षणी बंद केली. तेव्हापासून आमचा नियम: पत्त्यावरचं मोठं नाव वाचायचं नाही, त्याखालचं बारीक नाव वाचायचं. नवी चिठ्ठी आली की जुनं काय बंद, हे डॉक्टरांकडूनच तिच्यावर लिहून घ्यायचं.

घरचे पहिले तीन महिने

सुधारणा सर्वांत वेगानं पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांपर्यंत बरीच होते, आणि नंतरही थांबत नाही, हळू होते. बहुतेकांत पाय आधी सुधारतो, हात मागून. बोटं सर्वांत शेवटी.

गिळणं: सरळ बसवून, छोटा चमचा, एक घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा ठसका लागत असेल तर पाण्यासारखं पातळ थांबवून थेरपिस्टला दाखवा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर याच माणसाला पाणी कमी पडून चालत नाही, ही खरी कसरत. दही, घट्टसर सूप, थेरपिस्टनं सांगितल्यास पाणी घट्ट करायची पावडर. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की बीपीच्या त्याच गोळ्यांनी बीपी फार उतरू शकतं, म्हणून वहीत नोंद ठेवा. बीपी चांगल्या हाताचं मोजा, पाच मिनिटं शांत बसवून.

खांदा: लुळ्या हाताला धरून कधीही ओढून उठवू नका. खांदा सांध्यातून उतरतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. पाहुणे प्रेमानं नेमकं तेच करतात. उशीवर हात टेकवून ठेवा आणि उठवताना कमरेला आधार द्या.

व्यायाम: हातपाय दुसऱ्यानं हलवून देणं सांधे आखडू नयेत म्हणून ठीक. मेंदू शिकतो तो माणसानं स्वतः केलेल्या, पुन्हा पुन्हा केलेल्या कामातून. आमची फिजिओ पहिल्या दिवशी म्हणाली, "काकाजी, मला हात वर करून दाखवू नका, काही तरी काम करून दाखवा." शर्टाची बटणं. भांड्यातून भांड्यात तुरीची डाळ. हिवाळ्यात संत्रं. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे कमकुवत अंगठाही आत जातो. डाव्या हातानं धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं देठापासून साल सोडवायची. पहिलं संत्रं सोलायला बाबांना बावीस मिनिटं लागली, अर्धा रस मांडीवर सांडला, आणि आईला मध्ये हात घालू न देणं हेच माझं काम होतं. संत्रं औषधांना चालतं का, असं सगळे विचारतात. साखरेचं पथ्य पाळून चालतं. एटोर्व्हास्टेटिनशी भांडण असतं ते ग्रेपफ्रूटचं.

इथे एक कडू गोष्ट. भारतातच १४ हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरच्यांना व्यायाम शिकवून त्यांच्याकडून करवून घेतले. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारापेक्षा फरक दिसला नाही. माझा त्यावरून काढलेला अर्थ असा की घरच्यांचा हात हवाच, पण थेरपिस्ट परवडत नाही म्हणून सगळं घरच्यांवर टाकलं तर पुरत नाही. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा थेरपिस्ट आणि मधल्या दिवसांचं काम त्यांच्याकडून लिहून घेतलेलं.

वाचा: बाबा तीन आठवडे प्रत्येक गोष्टीला 'चहा' म्हणत. पंखा चहा, मी चहा, बँकेचं पासबुक चहा. त्यांना सगळं समजत होतं, शब्द निघत नव्हता. अशा माणसाशी ओरडून बोलू नका, तो बहिरा झालेला नसतो. हो-नाहीचे प्रश्न विचारा, एका वेळी एकच जण बोला आणि उत्तराला वेळ द्या.

रडू किंवा हसू आवरत नाही, हेही स्ट्रोकमुळे होतं. साधारण एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येतं. 'हिंमत ठेवा' म्हणून ते जात नाही, त्यावर उपचार आहे आणि तो घेतला की व्यायामातही मन लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रुग्णासाठी आहे तसाच सांभाळणाऱ्यासाठीही आहे. मी लावला होता.

तीन महिन्यांनी सगळं पुन्हा एकदा पाहून घ्या. हाताची मूठ आवळून राहत असेल तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा विचार होऊ शकतो.

आशेचा बाजार

दुसरं मत शोधणाऱ्याला आशा विकणारे लगेच ओळखतात. स्टेम सेलनं लकवा बरा, असं सांगणारे फोन येतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही. बाकी ठिकाणी ती फक्त मंजूर चाचणीतच द्यायची, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. १२० रुग्णांवरच्या भारतीय चाचणीत अस्थिमज्जेतल्या पेशींनी स्ट्रोकमध्ये फायदा झाला नाही, हे २०१४ सालीच छापून आलं आहे. मेंदूचं टॉनिक म्हणून लिहून देतात त्या सिटिकोलीनचंही २०१२ च्या मोठ्या चाचणीत तेच झालं. ते चालू असेल तर भांडू नका, पण पैसे फिजिओला हवे असतील तर 'हे बंद केलं तर चालेल का?' असं विचारायला हरकत नाही. तेलाची मालिश आवडत असेल तर करा, खांद्याला झटके न देता.

खर्चाचं थोडक्यात

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा, बिल झाल्यावर नाही. प्रकृती स्थिरावल्यावरही अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक उरलं तर यूडीआयडी (अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या) कार्डासाठी अर्ज करा.

आणि एक कागद फ्रिजवर लावून ठेवा, आमच्याकडे तो संत्र्याच्या आकाराच्या चुंबकाखाली आहे. त्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं बारीक अक्षरातलं नाव, रोजची वेळ आणि आज घेतल्याची खूण. पुन्हा तोंड वाकडं झालं किंवा हात गळला, आणि मग दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जवळच्या सीटी असलेल्या हॉस्पिटलात जायचं, दुसऱ्या मताच्या डॉक्टरांकडे नंबर लावत बसायचं नाही. फाइल मागाहून कुणीही आणेल. फ्रिजवरचा कागद मात्र हातात हवा, कारण कॅज्युअल्टीतला डॉक्टर सगळ्यात आधी विचारतो ते हेच: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि शेवटची कधी घेतली?